सेनोतेंची दोन गाईडबुकं: सात महिने वापरल्यानंतर

मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या सेनोतेंवरची, म्हणजे छत कोसळून उघड्या पडलेल्या पाण्याच्या गुहांवरची, दोन गाईडबुकं मी सात महिने वापरली. एक खेप डिसेंबरात, दुसरी जूनमध्ये, आणि मधला सगळा वेळ घरी नकाशे वाचण्यात गेला. एक पुस्तक गुळगुळीत कागदाचं, पानोपानी फोटो. दुसरं पातळ, काळ्या-पांढऱ्या छपाईचं, पण प्रत्येक सेनोतेचा उभा छेद हाताने काढलेला. आज पहिलं कपाटात आहे आणि दुसऱ्याची शिवण सुटत आली आहे.

त्या छेदांची किंमत मला दोस ओहोस नावाच्या सेनोतेत कळली. तिथे साधारण १० मीटरच्या आसपास वरचं गोडं पाणी संपतं आणि खाली समुद्राचं खारं पाणी लागतं. दोन्ही मिसळतात तो थर म्हणजे हॅलोक्लाइन. पुस्तकात त्या खोलीवर एक तुटक रेघ होती आणि शेजारी सूचना होती की इथे धूसर दिसलं तर मास्क साफ करत बसू नका, पुढच्या डायव्हरच्या थेट मागे न राहता जरा बाजूला सरका. प्रत्यक्षात समोरच्या डायव्हरच्या पायातले फिन्स अचानक तेलातून बघितल्यासारखे वितळले. मास्कमध्ये पाणी शिरलं असंच वाटलं, हात नाकाशी गेलासुद्धा, आणि तेवढ्यात ती रेघ आठवली. अर्धा मीटर वर आले, तर सगळं पुन्हा लख्ख. घाबरून हातपाय मारले असते तर तळाचा गाळ उठला असता आणि मागच्या दोघांनाही काही दिसलं नसतं.

फोटोंच्या पुस्तकावर माझा खरा राग आहे तो सुरक्षिततेच्या बाबतीत. त्यात स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावरच पोहणं), कॅव्हर्न आणि केव्ह यांना जवळजवळ सारखंच चिन्ह आहे. कॅव्हर्न म्हणजे जिथून बाहेरचा उजेड दिसत राहतो तेवढाच भाग. त्यापुढे केव्ह, आणि तिथे वेगळ्या प्रशिक्षणाशिवाय जायचंच नाही. एका सेनोतेला या पुस्तकाने ‘सर्वांसाठी सोपं’ म्हटलं होतं, केवळ खोली कमी म्हणून. आमच्या गाईडने ते पान बघून सरळ नकार दिला. वाट अरुंद, तळाला बारीक गाळ. त्याचं बरोबर होतं. खोली कमी असली तरी डोक्यावर छत आहे म्हटल्यावर थेट वर येता येत नाही, ही गोष्ट पहिल्या पानावर यायला हवी.

पातळ पुस्तकात ती पहिल्याच पानावर आहे. अमेरिकन गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये मांडलेली सूत्रं तिथे नीट उलगडली आहेत: बाहेरपर्यंत सलग दोरी हवी, हवेचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला राखीव. हिशेबही करून दाखवलाय: टाकीतल्या हवेचा दाब २१० बार असेल तर १४० ला मागे वळायचं. दोरीवरचे बाण जवळच्या बाहेर पडण्याच्या वाटेकडे टोक करून असतात, हेही चित्रासकट आहे.

ऋतूंच्या बाबतीतही हेच पुस्तक सरस. एल पिट या सेनोतेमधल्या उजेडाच्या तिरपांचे फोटो बघून मी डिसेंबरात गेले आणि निळसर अंधारात पोहून आले. पातळ पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: उन्हाळा, भर दुपार, स्वच्छ ऊन. जूनमध्ये तसंच गेले तेव्हा पाण्यात खांब रोवल्यासारखा उजेड उतरला होता. कारवॉश या सेनोतेचंही तसंच. गरमीत वर शेवाळाचा हिरवा थर असतो, काठावरून बघून कुणीही परत फिरेल. त्याखाली पाणी नितळ आहे हे पुस्तकाने सांगितलं म्हणून आम्ही उतरलो.

त्यातलं एक प्रकरण मात्र डायव्हिंग न करणाऱ्यांनीही वाचावं. छताला लटकणारे चुनखडीचे झुंबर पाण्यात तयार होत नाहीत. हिमयुगात समुद्र खाली होता, गुहा कोरड्या होत्या, तेव्हा थेंबाथेंबाने ते वाढले. आता टाकी आपटून एक तुटला तर पाण्याखाली तो पुन्हा वाढणार नाही. हे वाचल्यापासून मी वर बघितल्याशिवाय फिन हलवत नाही. सनस्क्रीन लावून पाण्यात उतरू नका हेही त्याच पानावर आहे.

पातळ पुस्तकाची उणीव आहे ती जुनेपणाची. दोस ओहोस आणि साक आक्तुन जोडलेले असल्याचं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालं आणि सलग लांबी ३४७ किलोमीटर झाली. माझ्या प्रतीत त्या अजून दोन वेगळ्या गुहा आहेत. प्रवेशशुल्कं तर पार बदललीत, आणि एका ठिकाणी नकाशातली वाट कुलूपबंद फाटकापाशी संपली. शुल्क आणि वेळा आदल्या दिवशी तिथेच विचाराव्यात.

फक्त स्नॉर्केलिंग करणाऱ्यांनी कासा सेनोतेचं पान आधी उघडावं. खारफुटीच्या मुळांमधून जाणारी उघडी, उथळ वाट आहे. डायव्हिंग करणाऱ्यांनी पातळ पुस्तक घ्यावं आणि उतरायच्या आदल्या रात्री छेद स्लेटवर (पाण्याखाली लिहायच्या पाटीवर) पेन्सिलीने स्वतः काढावा. काढताना कुठे अडखळलो, तोच प्रश्न सकाळी गाईडला विचारायचा.