अपंग मुलांच्या पालकांचा सपोर्ट ग्रुप, दादर: ४ स्टार, पाचवा जिन्याने खाल्ला

आधी सांगतो, ग्रुपचं नाव आणि नंबर इथे टाकत नाहीये, त्यांनीच नको म्हटलंय, मागे कोणीतरी नंबर फिरवला आणि मग थेरपी सेंटरवाले, पॉलिसीवाले सगळ्यांचे फोन चालू झाले. मुलाच्या ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) किंवा स्पीच थेरपीवाल्या ताईंना विचारा, दादर-परळकडच्या बऱ्याच जणींना माहितीये. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरतो, फी नाही, चहा-वडापावचे पैसे डब्यात टाकायचे.

आमची मुलगी ऑटिस्टिक आहे, शाळेत जाते, बोलते कमी. धीरबीर देणारे लोक आमच्याकडे भरपूर आहेत, मावशी-आत्या रोज फोनवर देतातच. मी या ग्रुपला जातो ते कागदांसाठी. खरंच. डॉक्टर निदान सांगतात, थेरपिस्ट थेरपी देतात, पण पुढे कुठल्या खिडकीवर काय घेऊन उभं राहायचं हे फक्त जो उभा राहून आलाय तोच सांगतो.

उदाहरण देतो. गिरगावच्या एक काकू आहेत, मुलगा आता पंचविशीच्या पुढे. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचा विषय निघाला की त्या सुरू होतात. ऑटिझमसाठी जी इसा नावाची टेस्ट असते तिच्यात ४० मुद्दे असतात आणि त्यातलं बरंचसं आपल्यालाच विचारतात, आणि आपण मराठी आईबाप तिथेही पोराचं कौतुक करत बसतो, हो करते की सगळं, सांगितलेलं कळतं तिला. काकू म्हणतात, "कौतुक घरी कर रे, तिथे सांग रात्री किती वाजता झोपते आणि मिक्सर लावला की काय होतं." महिनाभर डायरीत लिहून न्यायची, ऐनवेळी काही आठवत नाही. हे मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नव्हतं.

मग १८ वर्षांचं प्रकरण. मूल सज्ञान झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकल लेव्हल कमिटीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हे काकूंनी सांगितलं तेव्हा अर्धा हॉल मोबाईल खाली ठेवून बघायला लागला. निरामय हेल्थ इन्शुरन्सचं पण तिथेच कळलं, एक लाखापर्यंत कव्हर आणि त्यात थेरपीचाही खर्च काही मर्यादेपर्यंत मिळतो, आधी मेडिकल टेस्टची भानगड नाही. एक बाबा सीए आहेत, ते मार्च जवळ आला की ८०डीडी, म्हणजे घरात अपंग माणूस असेल तर इन्कम टॅक्समध्ये मिळणारी सूट, समजावतात, ७५ हजारांची वजावट आणि अपंगत्व ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख, पण जुनी टॅक्स रिजीम घेतली असेल तरच, नवीनमध्ये नाही. चार जणांनी तिथल्या तिथे ऑफिसच्या एचआरला मेसेज टाकला.

लोकलचं पण बोलतात. दिव्यांग डब्यात चढलं की कोणीतरी म्हणणारच, पोरगी तर धडधाकट दिसतेय. वाद घालायचा नाही, यूडीआयडी कार्ड (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) गळ्यात अडकवायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. माझ्यासारख्या डोंबिवलीकराला हा सल्ला थेरपीच्या एका सेशनपेक्षा जास्त उपयोगी पडलाय. केस कापायचं कोणी विचारलं तर मंगळवारी दुपारी जा, गर्दी नसते, मशीन नको म्हणून आधी फोनवर सांगून ठेवा.

बाबा लोक फार कमी येतात, जे येतात ते गाडी पार्क करून खालीच सिगारेट ओढत उभे. वर या रे.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तो म्यूट करा. सकाळी सुविचार, दुपारी उंटाचं दूध, रात्री कोणाच्या तरी ओळखीतल्या मुलाला स्टेम सेलने बरं वाटलं. याबद्दल नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाने २०२२ मध्येच सांगून टाकलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, तरी दर दोन महिन्यांनी तोच फॉरवर्ड येतो आणि नवीन जोडपं असेल, निदान नुकतंच झालेलं, तर ते लगेच खर्च किती म्हणून विचारतं. अ‍ॅडमिन ताई चांगल्या आहेत पण कोणाला दुखवत नाहीत. इथे जरा दुखवायला हवं असं माझं मत.

आणि जिना. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सेरेब्रल पाल्सीची (सीपीची) मुलं येतात, त्यातले काही आता दहावीच्या वयाचे, वजनदार, त्यांना आई आणि वॉचमन मिळून उचलून आणतात. अपंग मुलांच्या पालकांचा ग्रुप आणि व्हीलचेअर खाली गेटपाशी, हे कसं चालतं मला कळत नाही. विचारलं तर हॉल फुकट मिळतो म्हणतात, ते खरंय, मुंबईत फुकट हॉल म्हणजे लॉटरीच. पण दोन आया याच कारणाने यायच्या बंद झाल्या, आणि सीपीच्या मुलांबद्दल सर्वात जास्त त्यांनाच माहीत होतं. तळमजल्याचा वर्ग मागा, नाही दिला तर महिन्याला शंभर-शंभर काढू आणि दुसरीकडे भाड्याने घेऊ, मी द्यायला तयार आहे, मीटिंगमध्ये पण बोललोय.

मुलांना सोबत नेलं तर शेजारच्या वर्गात कॉलेजची मुलं सांभाळतात, चांगली आहेत, पण पंखे भयंकर आवाज करतात, कानाला हेडफोन लागत असेल तर विसरू नका. जुलैमधली मीटिंग पावसामुळे ऑनलाइन असते, विरार-बदलापूरवाल्यांनी तिथून सुरुवात करा.