दशकभर बंद राहिलेली १९९५ ची बुलेट ३५०: दुरुस्ती आणि त्यानंतरच्या प्रवासांचा अनुभव

ही गाडी माझ्या चुलत्यांची. १९९५ सालची बुलेट स्टँडर्ड, ३४६ सीसीचे जुन्या धाटणीचे कास्ट आयर्न इंजिन, चार गिअर, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. त्यांच्या गुडघ्याला किक झेपेनाशी झाली तेव्हा, म्हणजे २०१३ च्या सुमारास, त्यांनी ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी करून ठेवली. शेडमध्ये एका बाजूला रासायनिक खताची पोती रचलेली असत आणि त्याचा परिणाम गाडीवर स्पष्ट दिसत होता. पोत्यांकडच्या बाजूचे क्रोम फुटून आले होते आणि ॲल्युमिनियमच्या झाकणावर पांढरी भुकटी साचली होती, तर दुसरी बाजू त्या मानाने पुष्कळच बरी राहिली होती. दुरुस्तीनंतर मी ती उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि थंडीत, गावात आणि घाटात अशी सर्व प्रकारे वापरली आहे, त्यामुळे आता काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

चालून चालून झिजलेली गाडी आणि नुसती उभी राहून बिघडलेली गाडी यांची दुरुस्ती पूर्णपणे वेगळी असते, ही गोष्ट मला सर्वांत आधी सांगायची आहे, कारण बहुतेकांचा पैसा इथेच चुकीच्या ठिकाणी जातो. आमच्या गाडीचे गिअर, कॅम, रॉकर, चाकांचे हब हे सगळे पोलादी आणि ओतीव भाग आजही उत्तम आहेत. बिघडले ते रबर, बूच, तेल, पेट्रोल आणि तारांचे आवरण. तरीही गाडी बाहेर काढल्याबरोबर प्रत्येकाचा पहिला सल्ला टाकीला रंग मारून घेण्याचा आणि सायलेन्सर क्रोम करून घेण्याचा होता. मी टाकीवरचा मूळचा काळा रंग आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा तशाच ठेवल्या. त्या रेघा जिथे पुसट झाल्या आहेत तिथेही मला त्या नव्या रंगापेक्षा अधिक शोभतात, पण तो आवडीचा भाग झाला.

टाकी उघडली तेव्हा आत पेट्रोल असे उरलेच नव्हते. तळाशी तपकिरी, चिकट थर होता आणि त्याला जुन्या वॉर्निशसारखा उग्र वास येत होता. कार्बोरेटरच्या वाटीतही तोच थर वाळून हिरवट पडला होता आणि पायलट जेटचे, म्हणजे मंद चालीला पेट्रोल सोडणाऱ्या नळीचे, सुईएवढे छिद्र पूर्ण बंद झाले होते. टाकी आतून स्वच्छ करण्यासाठी जुने नटबोल्ट आणि फॉस्फोरिक ॲसिडचे सौम्य द्रावण घालून ती हलवत राहायची, नंतर सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुऊन लगेच वाळवायची आणि आतून तेलाचा हात फिरवायचा, ही पद्धत वेळखाऊ असली तरी तिचा परिणाम टिकतो. आजवर पेट्रोलच्या गाळणीत गंजाचा कण आलेला नाही.

पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. अशा वेळी किकवर उभे राहून जोर लावण्याचा मोह होतो आणि किकचे दाते तुटतात ते इथेच. प्लगच्या छिद्रातून डिझेल आणि पातळ तेलाचे मिश्रण ओतून काही दिवस थांबलो, रोज थोडे थोडे घालत राहिलो, आणि नंतर चौथा गिअर टाकून मागचे चाक हाताने मागेपुढे हलवत गेलो. अखेर ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन चाकाबरोबर इंजिन फिरले. हेड उतरवल्यावर पिस्टन जिथे थांबला होता त्या उंचीवर सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे एक पूर्ण कडे दिसले. नखाला लागेल इतके ते खोल होते, म्हणून नुसते होनिंग, म्हणजे आतून हलकी घासाई, करून भागणार नव्हते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पुढच्या मापाचा बोअर मारून घेतला, म्हणजे सिलिंडर आतून किंचित रुंद करून घेतला, आणि नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. बिडाचा सिलिंडर असल्याने हे काम सरळ होते आणि ते करणारे जुने कारागीर तिथे अजून आहेत.

याहून महत्त्वाचे काम तेलाच्या मार्गाचे. या इंजिनाच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या सांध्याला, रोलर नसून फ्लोटिंग बुश, म्हणजे मोकळे फिरणारे धातूचे कडे, असतो आणि त्याला दाबाने सतत तेल मिळाले तरच तो टिकतो. टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात तेल सोडणारी जी बारीक नळी असते तिच्या भोवतीचे सील वर्षानुवर्षे सुकले, तर तेल बिग एंडला पोहोचण्याआधीच बाहेर पळते आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून ते सील, नमद्याचा ऑइल फिल्टर आणि तेलाच्या दोन्ही पंपांचे वॉशर बदलले. तेलाच्या टाकीत व क्रँककेसमध्ये साचलेले जुने तेल दोन्ही नट उघडून काढले, कारण उभ्या बुलेटमध्ये टाकीतले तेल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरते आणि तसेच स्टार्ट केल्यास ते वाट मिळेल तिथून बाहेर येते. पहिल्यांदा स्टार्ट करण्यापूर्वी फिल्टरचा कप्पा तेलाने भरून घेतला. स्टार्ट झाल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा वरचा बोल्ट अर्धा आटा सैल करून तेल पाझरते का हे पाहिले, आणि ते पाझरताना दिसेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात लावला नाही.

तेलगळतीबद्दल बुलेटची जी ख्याती आहे तिच्यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. क्रँककेसच्या श्वासनळीवर बदकाच्या चोचीसारखा एक रबरी पडदा असतो. त्याने आतली हवा बाहेर सोडायची आणि बाहेरची आत येऊ द्यायची नाही, एवढेच त्याचे काम. तो कडक होऊन चिकटला की आतला दाब प्रत्येक सांध्यातून तेल ढकलू लागतो आणि मिस्त्री एकामागून एक पॅकिंग बदलत राहतो. किरकोळ किमतीचा तो पडदा बदलल्यावर टायमिंग कव्हर आणि सिलिंडरचा पाया कोरडे झाले ते आजतागायत कोरडे आहेत. प्रायमरी चेनचे झाकण मात्र एकाच मधल्या बोल्टवर बसते, त्यामुळे तिथून रात्रीतून रुपयाएवढा डाग पडतोच. तो डाग मी मान्य केला आहे.

सुट्या भागांच्या बाबतीत माझा अनुभव कडू आहे. बाजारात या गाडीचा प्रत्येक भाग मिळतो, ही गोष्ट खरी. पण मिळणे आणि टिकणे यांत अंतर आहे. नवा घातलेला कंडेन्सर (इग्निशनचा एक छोटा विजेचा भाग) पहिल्याच उन्हाळ्यात गेला. गाडी गार असताना उत्तम चालायची आणि गरम झाली की फटके मारू लागायची. संध्याकाळी अंधारात, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचे झाकण काढून चालू इंजिनात पाहिले, तर पॉइंटच्या तोंडाशी बारीक निळसर ठिणगीऐवजी जाड पिवळा जाळ उडत होता, आणि मग शंका उरली नाही. ज्या दुकानातून तो घेतला तिथे ‘इलेक्ट्रिकच्या मालाला गॅरंटी नसते’ एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर चुलत्यांच्या जुन्या हत्यारपेटीतला मूळ कंडेन्सर बसवला, तो आजही चालतो आहे. जुना मूळ भाग तुटलेला किंवा झिजलेला नसेल तर स्वच्छ करून तोच परत बसवावा आणि काढलेला कोणताही भाग भंगारात देऊ नये, असे माझे मत त्यामुळे बनले. रबरी भाग, केबली, ब्रेकचे लायनर, वायरिंग आणि टायर या बाबी मात्र डोळे मिटून नव्या घ्याव्यात. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरची नक्षी शाबूत होती, पण तो २००९ चा होता आणि बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडल्या होत्या.

सध्या पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रश्न मला अनेकांनी विचारला. या इंजिनाचे कॉम्प्रेशन मुळात कमी, त्यामुळे ज्वलनाच्या दृष्टीने तक्रार नाही. त्रास होतो तो रबराला, बुचाला आणि पत्र्याला. जुनी पेट्रोलची नळी मऊ होऊन फुगते आणि हवेतला ओलावा इथेनॉलबरोबर टाकीत येतो. मी इथेनॉल सहन करणारी नळी घातली, पेट्रोल कॉकचे बूच बदलले आणि वेगात पेट्रोल सोडणारा मेन जेट एक माप मोठा केला, कारण आधीच्या जेटवर प्लगचे टोक पांढरे पडत होते, म्हणजे पेट्रोल कमी पडत होते. आता ते विटकरी रंगाचे येते. गाडी पंधरवड्याहून अधिक उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवतो. सरासरी लिटरला तीस ते तेहतीस किलोमीटरच्या दरम्यान मिळते.

कागदपत्रांचे काम इंजिनाएवढेच दमवणारे ठरले. खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. आमचे एकच नूतनीकरण झालेले होते आणि त्याची मुदत २०१५ साली संपली होती. एप्रिल २०२२ पासून दुचाकीचे नूतनीकरण शुल्क एक हजार रुपये झाले आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला तीनशे रुपये वेगळे आकारले जाऊ लागले, म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असतानाही मीटर चालूच असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकींसाठी हे शुल्क दोन हजारांवर गेले. महाराष्ट्रात जुन्या दुचाकीला पाच वर्षांसाठी पर्यावरण करही भरावा लागतो. उच्च सुरक्षा नंबरप्लेट, पीयूसी आणि विमा हे त्याशिवाय. ३४६ सीसी असल्यामुळे गाडी दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या गटात बसते आणि तृतीय पक्ष विम्याचा मूळ हप्ता २०२२ च्या दरांनुसार वर्षाला १३६६ रुपयेच पडतो, एवढाच काय तो दिलासा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर नट सैल करण्याआधी हे कागद पाहून घ्यावेत.

आता चालवण्याविषयी. किक मारण्याची रीत एकदा हाती आली की ताकदीचा प्रश्न राहत नाही. चावी चालू करून किक हळू दाबत जायची. विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा उणेकडे झुकलेला असतो तो मध्यावर आला की थांबायचे, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून किक किंचित पुढे न्यायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा आणि मग पूर्ण लांबीची एक किक द्यायची. टायमिंग आणि पॉइंटचे अंतर बरोबर असेल तर थंडीतही दुसऱ्या किकला गाडी बोलते. पॉइंटचे अंतर मी ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतो. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांतले अंतर) इंजिन गार असताना असे लावतो की पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये.

ताशी पंचावन्न ते साठ या वेगाला ही गाडी दिवसभर चालते आणि चालवणारा थकत नाही. ७० मिलिमीटर बोअरला ९० मिलिमीटरचा स्ट्रोक असल्यामुळे खालच्या फेऱ्यांतच तिची ओढ आहे. राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवलीला जाताना आणि सावंतवाडीहून आंबोली चढताना मागे माणूस आणि सामान असूनही बहुतेक वळणे तिसऱ्या गिअरमध्येच निघतात. पंचाहत्तरच्या पुढे मात्र हँडल आणि फूटरेस्टमधून थरथर येऊ लागते, आरशात मागचे काही दिसत नाही आणि इंजिनाला आपण छळतो आहोत हे जाणवते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर ही गाडी नेणे मला सुखाचे वाटत नाही. ट्रक मागून अंगावर येतात आणि त्यांच्यापुढे निघून जाण्याइतका जोर हिच्यात नाही.

सर्वांत कच्चा दुवा ब्रेकचा. मूळचा पुढचा लहान ड्रम आजच्या रहदारीत अपुरा आहे, म्हणून सात इंची, दोन्ही शू एकाच वेळी रेटणारा ड्रम बसवला. दोन्ही कॅमना जोडणारी काडी अचूक लावल्यावर फरक पडला, तरी पावसात भिजल्यानंतरचे पहिले एकदोन ब्रेक पोकळ लागतातच. हेडलाइटला रिले जोडल्याने प्रकाश सुधारला, पण रात्रीचा घाट मी टाळतो. थरथरीने मागच्या दिव्याचा बल्ब वारंवार जायचा, तो एलईडी केल्यापासून टिकला आहे. नंबरप्लेट, सायलेन्सरचा क्लॅम्प आणि मडगार्डचे नट प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर आवळावे लागतात. जवळ क्लचची जादा केबल, पॉइंटचा संच, प्लग आणि पाने ठेवतो, आणि त्यांपैकी केबलचा उपयोग खरोखरच झाला आहे.

सगळा खर्च साठ हजारांच्या पुढे गेला. त्यातला सर्वांत मोठा भाग इंजिनाचा, त्याखालोखाल चाके, टायर आणि ब्रेक यांचा. याच पैशात बऱ्या स्थितीतली, सेल्फ स्टार्ट असलेली जुनी गाडी मिळाली असती हे उघड आहे, आणि ज्याला रोज कामावर जायचे आहे त्याने तीच घ्यावी. माझे वापरणे आठवड्याला एकदोनदा गावाकडे आणि महिन्यातून एखादी लांबची फेरी एवढेच असल्याने हिशेब जुळतो. गिअरबॉक्स मात्र अजून उघडलेला नाही. गार असताना दुसऱ्यातून तिसरा टाकताना मध्येच न्यूट्रल सापडतो, पाच-सहा किलोमीटरनंतर तो दोष जातो. आतले ग्रीस बदलून पाहिले तरी फरक पडला नाही, म्हणजे काम सिलेक्टरच्या जुळणीचे असणार. ते पुढच्या पावसाळ्यात, गाडी तशीही कमी निघते तेव्हा, हाती घ्यायचे आहे.