गोल सुयांचा संच: पेटी नको, सुट्या घ्या

लोकरीच्या दुकानात हल्ली काउंटरवर एक देखणी पेटी मांडलेली असते. आत रंगीत लाकडी नाहीतर धातूच्या टोकांच्या आठ-नऊ जोड्या, तीन-चार लवचिक केबली, केबलीच्या तोंडाला लावायची बुचं आणि टाचणीसारखी एक छोटी किल्ली. केबलीच्या दोन तोंडांना एकेक टोक आट्यांवर बसवलं की गोल सुई तयार होते, आणि टोकं काढताही येतात, त्यामुळे एकाच केबलीवर हवी ती जाडी लावता येते. किंमत काही हजारांत जाते. वस्तू उत्तम आहे, पण आपल्याकडे जे विणलं जातं त्याचा विचार करून ही पेटी भरलेली नसते.

अडचण मापांची आहे. बहुतेक पेट्या ३.५ मिलिमीटरपासून सुरू होतात आणि ८ पर्यंत जातात. मुंबई-पुण्यात स्वतःसाठी जाड स्वेटर विणणारे थोडे. इथे सुया चालतात त्या मुख्यतः बाळाच्या झबल्या-टोपड्यांसाठी, मोज्यांसाठी आणि थंड देशांत राहणाऱ्या नातवंडांसाठी. त्या कामाला पातळ तीन-चार पदरी लोकर आणि दहा, अकरा, बारा नंबरच्या सुया लागतात, म्हणजे ३.२५, ३ आणि २.७५ मिलिमीटर. अशा पेटीत यातलं एकही माप नसतं. उलट ६, ७, ८ मिलिमीटरच्या जोड्या वर्षानुवर्षं कोऱ्या राहतात.

नंबरांचा घोळही इथेच मिटवून घ्यावा. आपल्या दुकानांत चालणारे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे: नंबर वाढला की सुई बारीक. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, नऊ म्हणजे ३.७५. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी: तिथला आठ नंबर ५ मिलिमीटरचा, आणि आपला आठ म्हणजे तिथला सहा. न्यू जर्सीच्या लेकीने पाठवलेल्या नमुन्यात ‘आठ नंबर’ लिहिलं असेल आणि दुकानातून आठ नंबर मागून आणली, तर दोन वर्षांच्या मुलाचा स्वेटर सहा महिन्यांच्या बाळाला होईल. तेव्हा दुकानात मिलिमीटरच सांगावेत. भोकांची मापपट्टी काउंटरवर नसेल तर मागावी. लाकडी टोकांवर छापलेलं माप वापराने पुसट होतं, म्हणून घरीही एक असलेली बरी.

आता मुळात गोल सुई कशाला? सरळ ३५ सेंटिमीटरच्या सुईवर मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ आली की सगळं वजन सुईच्या लांब टोकाला लटकतं आणि मनगट बोलायला लागतं. गोल सुईवर तेच वजन केबलीवरून मांडीत विसावतं. सरळ ओळींचं सपाट विणकामही त्यावर होतं: ओळ संपली की काम फिरवायचं आणि हात बदलायचे, गोलात जोडायची सक्ती नाही. लोकल ट्रेनमध्ये शेजारणीच्या बरगडीत कोपर जात नाही, हा वरचा फायदा.

केबलीच्या पाकिटावरची लांबी वाचताना एक लक्षात ठेवावं. ‘६० सेंटिमीटर’ ही बहुतेकदा दोन्ही टोकं जोडल्यावरची लांबी असते, नुसती केबल नव्हे. निटप्रो या सुया बनवणाऱ्या कंपनीच्या मापात ६० ची नुसती केबल ३५ सेंटिमीटर, ८० ची ५६ आणि १०० ची ७६ भरते. गोलात विणताना कपड्याचा घेर सुईच्या एकूण लांबीपेक्षा मोठा हवा, नाहीतर टाके ताणले जातात आणि टोकं एकमेकांना भेटतच नाहीत. चार पदरी लोकर आणि ३.२५ ची सुई घेतली की साधारण १० सेंटिमीटरला २८ टाके बसतात. बाळाच्या स्वेटरचा घेर ४८ सेंटिमीटर धरला तर १३४-१३५ टाके होतात, आणि ते ६० च्या सुईवर गोलात फिरत नाहीत. ४० ची सुई लागते, पण तिच्यासाठी टोकंही आखूड हवीत. पेटीतली नेहमीची टोकं तिथे वळत नाहीत.

यावर स्वस्त उपाय म्हणजे लांब केबलीवर फास काढून विणणं. ८० ची सुई घ्यावी, मोठ्या घेराला १०० ची जास्त सोयीची. टाके निम्मे-निम्मे करून मधून केबलीचा फास बाहेर ओढायचा. मागच्या अर्ध्यातलं टोक ओढून मोकळं करायचं आणि त्याने पुढच्या अर्ध्याचे टाके विणायचे. अर्धं झालं की काम फिरवायचं, पुन्हा तेच. मोजा, टोपडं, बाही, कितीही लहान घेर एकाच सुईवर निघतो. फासाच्या जागी सैल टाक्यांची शिडी दिसते ती दोन कारणांनी: नव्या अर्ध्याचे पहिले दोन टाके घट्ट ओढलेले नसतात, नाहीतर केबल ताठर असते. दर दोन-तीन फेऱ्यांनी फासाची जागा चार टाके पुढे सरकवली की शिडी बसते.

केबल ताठर किंवा गुंडाळीतून आल्यासारखी वळलेली असेल तर कढत पाण्यात मिनिटभर बुडवावी, सरळ धरून गार होऊ द्यावी. उकळत्या पाण्यात टोकांसकट टाकू नये. केबल ज्या धातूच्या टोपीत बसवलेली असते तिथला जोड उष्णतेने ढिला होऊ शकतो.

टोकं कशाची घ्यावीत हे लोकरीवर ठरतं. आपल्याकडे लोकर म्हणून विकलं जातं ते बहुतांशी अ‍ॅक्रिलिक. ते लाकूड-बांबूवर अडकतं, विशेषतः पावसाळ्यात, हाताला घाम असताना. त्याला गुळगुळीत धातूची टोकं बरी. उलट सुती धागा ताणला जात नाही आणि धातूवरून घसरतो, त्याला लाकूड धरून ठेवतं. नवशिक्यांनी मात्र अ‍ॅक्रिलिक असलं तरी लाकडीच घ्यावीत. काम जरा हळू होईल, पण टाके गळणार नाहीत. धातूच्या टोकांवर बऱ्याचदा निकेलचा मुलामा असतो. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर स्टेनलेस स्टील किंवा लाकूड घ्यावं. पोनी कंपनीच्या करड्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरळ सुया आजही पातळ बाळलोकरीला हलक्या आणि परवडणाऱ्या आहेत. फक्त कुठलंही अ‍ॅल्युमिनियम झिजू लागलं की पांढऱ्या लोकरीवर करडी छटा येते. पांढरं विणायचं असेल तर आधी सुई पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावी.

संचाचं खरं दुखणं टोक आणि केबलीच्या सांध्यात आहे. विणताना टोक हातात सतत थोडं थोडं फिरतं आणि आटे उघडत जातात. मग ऐन ओळीत टोक हातात येतं आणि तीस टाके केबलीवरून खाली. बहुतेक वेळा कारण एकच: किल्ली न वापरता नुसत्या बोटांनी घट्ट केलेलं असतं. बसवायची रीत अशी. टोक बोटांनी अडेपर्यंत फिरवावं. केबलीच्या धातूच्या टोपीवर बारीक भोक असतं, त्यात किल्ली घालून टोपी स्थिर धरावी. टोक रबराच्या तुकड्याने पकडून आणखी पाव फेरा द्यावा. ताकद लावताना केबलीचं प्लास्टिक कधीच पिळू नये, ते टोपीतून निसटतं आणि मग ती केबल गेलीच. किल्ली हरवली तर पक्की सेफ्टी पिन चालते. विणत असताना अधूनमधून सांधा बोटाने चाचपावा.

त्या भोकाचा आणखी एक उपयोग पाकिटावर कुणी छापत नाही. जाळीच्या विणीत चूक झाली तर कुठवर उसवायचं हा प्रश्न असतो. किल्लीच्या भोकात वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती धागा ओवून एक ओळ विणली की तो आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो. पुढे विणताना चूक सापडली तर त्या धाग्यापर्यंत निर्धास्त उसवावं. खुणेच्या रिंगा मात्र त्या धाग्यात अडकतात, त्या आधी काढून घ्याव्यात.

३.२५ ची सुटी टोकं काही दुकानांत मिळतात, पण तिथे सांधा टोकापेक्षा जाड पडतो. केबलीवरचे टाके दर वेळी त्या चढावर अडतात आणि ढकलून ढकलून ओळ ताणली जाते. ३.५ च्या खाली सांधा नसलेली, केबल कायमची जोडलेली गोल सुईच घ्यावी. स्वस्तही पडते आणि उघडण्याची भानगड नाही.

दुकानात तपासणं दोन मिनिटांचं काम आहे आणि पाकीट उघडू न देणाऱ्या दुकानातून ही वस्तू घेऊच नये. टोक केबलीला लावून सांध्यावर नख फिरवावं, खाच लागली तर तिथे लोकर अडकणार. मग एखादा पातळ धागा सांध्यावरून दोन्ही दिशांनी ओढून पाहावा. टोकं टेबलावर लोळवली की वाकडं टोक लगेच कळतं. किल्ली पाकिटात आहे का तेही पाहावं. वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे सहसा जुळत नाहीत, म्हणून पहिली जोडी ज्या कंपनीची, पुढच्या केबली तिच्याच. चिआओगूसारख्या काही कंपन्यांत तर लहान आणि मोठ्या टोकांच्या केबलीही वेगळ्या असतात. निटप्रोच्या नेहमीच्या टोकांना एकच आटा चालतो. भारतातच बनतात, त्यामुळे सुटी टोकं आणि केबली मिळणंही सोपं जातं.

सुट्या टोकांची खरी मजा ताण जुळवण्यात आहे. अनेकांचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल पडतात आणि सपाट कामात एक ओळ उठून दिसते, एक दबते. उलट ओळ ज्या टोकाने विणली जाते ते अर्ध्या मिलिमीटरने बारीक लावावं. खालची दोन सुलट-दोन उलट बॉर्डर ३.५ ने आणि अंग ४ ने, हे टोकं बदलून दहा सेकंदांत होतं, टाके दुसऱ्या सुईवर घ्यावे लागत नाहीत. काम थांबवायचं असेल तर टोकं काढून बुचं लावावीत. गळा डोक्यातून जातो का, मुंढा काखेत काचतो का, हे तसंच अंगाला लावून पाहता येतं.

गोलात पहिल्यांदा विणणाऱ्यांची दोन ठिकाणी फसगत होते. घातलेले टाके केबलीवर पिळले गेले आणि तसेच जोडले तर कपड्याला कायमचा पीळ बसतो. पाच-सहा फेऱ्यांनंतर कळलं तर उसवण्याशिवाय इलाज नाही. त्यापेक्षा पहिल्या दोन ओळी सपाट विणाव्यात, मग जोडावं. पट्टी दिसू लागली की पीळ लगेच कळतो, आणि खालची बारीक फट सुरुवातीच्या धाग्याने शिवून टाकावी. दुसरं, सपाट विणलेल्या चौकोनावरून गोलाचं माप काढू नये. गोलात सगळ्याच ओळी सुलट असतात, उलट ओळीचा सैलपणा त्यात येत नाही, आणि स्वेटर अपेक्षेपेक्षा घट्ट होतो.

तर खरेदी अशी करावी: ४ मिलिमीटरची एक जोडी टोकं, ३.५ किंवा ५ ची दुसरी, ८० आणि १०० च्या केबली. शिवाय ३.२५ आणि २.७५ च्या कायम जोडाच्या ८० सेंटिमीटर गोल सुया. पेटीच्या किमतीत हे सगळं येऊन वर झबल्यापुरती लोकर निघते. दुकानदारांनीही काउंटरवर पेटी सजवण्याऐवजी ही सहा नगं सुटी ठेवावीत आणि एक केबल नमुन्यासाठी उघडी ठेवावी. सुया घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आज जोडी नेईल आणि महिन्याने केबल मागायला परत येईल. पेटी एकदा घेतलेल्याला पुढची काही वर्षं तरी सुयांसाठी दुकानात यायचं कारण राहत नाही.