पिशवी ठीक, बंदाचं काय? चौदा महिन्यांचा अनुभव

काल संध्याकाळी हिरव्या नॉन-वोव्हन (न विणलेल्या, दिसायला कापडासारख्या) पिशवीचा बंद माझ्या हातात राहिला आणि पिशवी जिन्यात. आतली काचेची बाटली फुटली ती फुटलीच, पण मला खरा चटका लागला तो आकड्याचा. सदतिसाव्या खेपेला गेली ही! मी प्रत्येक पिशवीच्या तोंडाच्या पट्टीवर, आतून, बॉलपेनने खेपांच्या रेघा मारते. घरचे हसतात. हसोत. चौदा महिन्यांपूर्वी दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेणं बंद केलं, तेव्हाच ठरवलं होतं की पैसे मोजून पिशवी घ्यायची तर ती वसूल झाली की नाही हे कळलं पाहिजे.

माझ्याकडे चार आहेत, म्हणजे होत्या : दोन नॉन-वोव्हन, एक जाड कॅनव्हासची, एक घडीची नायलॉनची. प्रकार सगळ्यांना माहीत आहेत, त्यात वेळ घालवत नाही.

तुटलेली पिशवी घेऊन मी जिथून घेतली तिथे गेले.
“धुतली होती का?”
“हो.”
“ही धुवायची नसते.”
“वाळायला खिडकीत टांगली होती.”
“ऊन लागलं असणार. उन्हात ठेवायची नसते.”
पाणी नको, ऊन नको. मग पुन्हा पुन्हा वापरायची कशी? यावर उत्तर आलं की काही झालं तरी बंदाची हमी नसतेच. अहो, बंद सोडला तर पिशवीत असतं काय? नुसतं पोतंच ना ते!

घरी येऊन तुटलेली जागा नीट पाहिली. त्या बंदाला शिवण नव्हतीच. उष्णतेने चिकटवलेला होता, ते बारीक ठिपके दिसतात ना, तसा. आणि गंमत म्हणजे चिकटवलेलं सुटलं नव्हतं. त्याच्या शेजारचं कापडच फाटलं होतं. कापड म्हणायचं इतकंच. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. तंतू पसरून गरम दाबाने एकमेकांना चिकटवलेले. त्यात उन्हापासून वाचवणारं द्रव्य घातलेलं नसेल तर ऊन खाऊन ते ठिसूळ होतं. खिडकीकडची बाजू चिमटीत धरली तर हिरवा भुगा बोटांना लागला. प्लॅस्टिक टाळायला आणलेली पिशवी घरभर प्लॅस्टिकचा भुगा करत होती.

सदतीस आकड्याचा एवढा राग का, तर डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली एक हिशोब मांडला होता. तिथली साधी प्लॅस्टिकची पिशवी, शेवटी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून लावलेली, हे माप धरायचं. त्याच्या तोडीस यायला नॉन-वोव्हन पिशवी नुसत्या हवामानाच्या दृष्टीने ६ वेळा वापरली तरी पुरते, पण पर्यावरणावरचे सगळे परिणाम धरले तर ५२ वेळा. म्हणजे माझी पंधरा खेपा आधीच गेली. बुडीत खातं.

कॅनव्हासबद्दल आधी एका मैत्रिणीला मी लिहिलं होतं की घेऊ नकोस. ते मागे घेते. निम्मं मागे घेते. तेव्हाची तक्रार अशी की जड आहे, भिजली की दोन दिवस वाळत नाही, आणि पहिल्याच धुण्यात पिशवीचं अंग आटलं पण बंद पॉलिएस्टरच्या पट्टीचे असल्याने आटले नाहीत. शिवणीपाशी सगळ्या चुण्या. दिसते अजूनही वेडीवाकडीच. पण तिचा बंद! पट्टीचं टोक आत दुमडून चौकोनी टीप, चौकोनात फुली, आणि पट्टी वरच्या काठाला अडकवून सोडलेली नाही, थेट बुडाखालून फिरवून दुसऱ्या बाजूला वर आणलेली. म्हणजे ओझं कापडावर येतच नाही, पट्टीवर येतं. ११९ रेघा झाल्या, एक टाका उसवलेला नाही. सुती पिशवीला हवामानापुरत्या ५२ खेपा लागतात, त्या केव्हाच झाल्या. सगळे परिणाम धरून मात्र ७,१००. हा आकडा मुख्यतः ओझोनच्या थरावरच्या परिणामामुळे फुगला आहे. आठवड्याला दोन खेपा धरल्या तर अडुसष्ट वर्षं होतात. तेवढं वापरायची माझी तयारी आहे, पट्टीवर रेघांना जागा नाही.

धुणं बंद करा असं कोणी सांगू नका. २०११ साली अमेरिकेत लोकांच्या अशा पिशव्या तपासल्या होत्या. निम्म्यांमध्ये कोलिफॉर्म (अस्वच्छतेची खूण मानले जाणारे) जिवाणू सापडले, आणि धुतल्यावर ते ९९.९ टक्क्यांहून जास्त कमी झाले. जी पिशवी धुवायची नाही ती घ्यायची नाही, बास.

घडीची नायलॉनची बरी आहे. पर्समध्ये राहते, त्यामुळे ‘पिशवी घरीच राहिली’ हे रडगाणं संपलं. बंद अरुंद आहेत, बोटांत रुततात.

आता एक नावडतं कबूल करते. दुकानातल्या ज्या फुकटच्या प्लॅस्टिकच्या पिशवीला मी नावं ठेवते, तिचा बंद कधी सुटल्याचं आठवतं का? सुटणार कुठून, तो जोडलेलाच नसतो. स्टेन गुस्ताफ थुलिन या स्वीडिश अभियंत्याच्या त्या रचनेचं पेटंट १९६५चं. प्लॅस्टिकची चपटी नळी घ्यायची, वरखाली चिकटवायची, वरून मधला तुकडा कापून काढायचा. उरतात ते बंद. पिशवी आणि बंद एकाच तुकड्यातले. पाच-सहा ग्रॅमची वस्तू आणि किलोकिलोचं ओझं उचलते.

शिवाय कचऱ्याच्या डब्याला तीच लागायची. आता अस्तराचे रोल विकत आणते, आणि दर वेळी जिवावर येतं. ही एकट्या माझी रड नाही. कॅलिफोर्नियात पिशव्यांवर बंदी आली तिथे कचऱ्याच्या लहान पिशव्यांचा खप १२० टक्क्यांनी वाढल्याचं २०१९ मध्ये छापून आलं होतं. मी सध्या ओला कचरा तेवढा अस्तरात टाकते, सुक्याचा डबा उघडाच ठेवते आणि धुते.

दुसरी नॉन-वोव्हन अजून धड आहे, तिला कधी ऊन दाखवलं नव्हतं. काल रात्री कॅनव्हासच्या जुन्या चिंध्या बंदांखाली आतून ठिगळासारख्या लावल्या आणि जाड दोऱ्याने चौकोनात फुली मारून शिवलं. चार ठिकाणी, दीड तास. आज सकाळी तिची एकेचाळिसावी रेघ मारली. बावन्नला अकरा बाकी.