कूलंट भरायचं बूचवालं नरसाळं: घ्यावं का?

मोठं नरसाळं, वेगवेगळ्या मापांची चार-पाच अडॅप्टर, एक वाकडी नळी आणि लांब दांडीचं बूच, एवढाच हा संच. काम एकच: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरताना आत अडकलेली हवा बाहेर काढणं. होज, रेडिएटर किंवा थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलल्यावर तापमानाचा काटा वरखाली होत असेल, किंवा इंजिन तापूनही हीटरमधून गार हवाच येत असेल, तर संच जरूर घ्यावा. टाकीत कपभर कूलंट टाकण्यापुरता घेणं म्हणजे पैसे वाया.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं. रेडिएटरच्या तोंडाच्या कडेला क्षार जमलेले असतील तर ते आधी पुसून घ्या, नाहीतर अडॅप्टरचं रबर नीट बसत नाही आणि लोक नरसाळ्याला दोष देतात. गाडीचं नाक थोडं चढावर, हीटर सर्वात गरमवर, ब्लोअर मंद. नरसाळं पाव भरून इंजिन आयडलवर चालू ठेवा. सुरुवातीला बुडबुडे येतात, मग काही वेळ सगळं शांत. इथेच अनेकजण काम झालं समजून थांबतात. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९५ अंशांना उघडतो. वरचा होज गरम झाला की दबलेली हवा भसकन वर येते. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, मधूनमधून होज जाड हातमोज्याने दाबा. मग इंजिन बंद करून गार होऊ द्या. आकसताना ते नरसाळ्यातलं कूलंट आत ओढून घेतं. शेवटी बूच लावून नरसाळं उचललं की थेंबही सांडत नाही.

तोंड उघडं असल्याने या वेळी दाब नसतो. कूलंट आणि पाण्याचं ५०:५० मिश्रण तेव्हा १०७ अंशांच्या आसपासच उकळतं, १५ पीएसआयच्या झाकणाखाली मात्र जवळपास १२९ अंशांपर्यंत तग धरतं. म्हणून काट्यावर लक्ष हवं, रेस बेतानेच.

खरा फायदा वेगळाच. फॅन दोनदा लागून गेल्यावरही बारीक बुडबुडे थांबत नसतील आणि रेस दिली की वाढत असतील, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा, संशय घ्या. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टरचं निळं द्रव वापरतात. जळलेला वायू आला की ते पिवळं पडतं. बुडबुडे नाहीत, तरी पातळी उतरतेच, तर नरसाळ्याचं काम संपलं. प्रेशर टेस्टरने झाकणावर लिहिलेला दाब द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा पडला तर होजचे क्लॅम्प, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा बघा. डॅशबोर्डखालचा गालिचा ओला आणि आत गोडसर वास असेल तर हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, फुटलाय. झाकणही तपासा, थकलेली स्प्रिंग दाब धरत नाही.

प्रमाणाची एक गफलत नेहमीची. ६ लिटरच्या सिस्टीममधून काढताना ४ लिटरच निघतं. साध्या पाण्याने धुतल्यावर उरलेले २ लिटर पाणीच असतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर कूलंट ३३ टक्केच भरतं. अशा वेळी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि १ लिटर डिस्टिल्ड पाणी घाला. रंगावरून कूलंट निवडू नका, गाडीच्या पुस्तिकेतलं स्पेसिफिकेशन जुळवा.

इलेक्ट्रिक वॉटर पंपाच्या बऱ्याच गाड्यांत हवा काढायला पंप ठरावीक पद्धतीने चालवावा लागतो, तिथे हे नरसाळं अपुरं. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर संच असूनही तो उघडावाच लागतो. धार सलग आली की बंद. विकत घेण्याआधी अडॅप्टरची यादी आपल्या झाकणाच्या मापाशी ताडून बघा. चाळीस अडॅप्टर आणि त्यात आपलं नेमकं नाही, असंही होतं.