पुढचं आउटलेट न्यूयॉर्क शहरात की कॅलिफोर्नियात? मेन्यूच्या नियमांची तुलना

अमेरिकेत मराठी खाण्याची साखळी वाढवताना आधी आउटलेट मोजा. देशभरात एकाच नावाने, साधारण तोच मेन्यू विकणारी २० आउटलेट झाली की केंद्राच्या नियमाप्रमाणे मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात. मोजणी मालकावर नव्हे, नावावर होते. म्हणून फ्रँचायझी घेतलेलं तुमचं एकुलतं एक दुकानही त्यात धरलं जातं. न्यूयॉर्क शहरात हीच मर्यादा १५ आहे. १५ ते १९ आउटलेट असतील तर कॅलिफोर्निया सोपं.

कॅलरी लिहिण्याची केंद्राची रीत अशी: ५० पर्यंत ५ च्या पटीत, पुढे १० च्या पटीत. थाळीत दोन पर्याय असतील तर ‘६५०/८००’, तीन किंवा जास्त असतील तर ‘६५०-९००’. वर्षात ६० दिवसांहून कमी विकला जाणारा दिवाळीचा फराळ यातून सुटतो.

न्यूयॉर्कमध्ये एका पदार्थात किंवा कॉम्बोत २,३०० मिलिग्रॅम सोडियम झालं की नावाशेजारी त्रिकोणातल्या मीठदाणीचं चिन्ह लागतं, नाहीतर २०० डॉलर दंड. एवढं सोडियम चहाच्या चमचाभर मिठात असतं. एकटी भाजी सहसा अडकत नाही. आमटी, मसालेभात, लोणचं, पापड अशी एकत्र विकलेली थाळी अडकते.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२६ पासून २० आउटलेटच्या साखळ्यांना नऊ ॲलर्जीकारक घटक जाहीर करणं बंधनकारक आहे: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, काजू-बदामासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, तीळ. आपल्या स्वयंपाकघराला हाच नियम जास्त जड जातो. दाण्याचं कूट सगळ्यांच्या लक्षात राहतं, हिंग राहत नाही. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, मग साध्या वरणापुढेही ‘गहू’ लिहावं लागतं. क्यूआर कोड चालतो, पण तो वापरता न येणाऱ्यासाठी छापील तक्ता हवाच. हिंगाचा ब्रँड बदलला की तक्ता त्याच दिवशी तपासा. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईबापांसाठी हा तक्ता फार मोलाचा आहे. न्यूयॉर्कमध्ये सक्ती नसली तरी तो ठेवाच.

शाळेत सुटा खाऊ विकायचा असेल तर केंद्राची मर्यादा दोन्हीकडे एकच: २०० कॅलरी, २०० मिलिग्रॅम सोडियम. निव्वळ मैद्याची शंकरपाळी बसत नाही, कारण धान्याच्या पदार्थात निम्मं तरी अख्खं धान्य लागतं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत ३१ डिसेंबर २०२७ पासून रेड ४०, यलो ५, यलो ६, ब्लू १, ब्लू २ आणि ग्रीन ३ हे रंगही बंद होतील. बुंदी-जिलेबीच्या रंगाच्या डबीवर नुसतं ‘फूड कलर’ लिहिलं असेल तर रंगाचा नंबर पुरवठादाराकडून लेखी घ्या.