ओल्ड स्कूल रूनस्केप: आठ महिन्यांनंतर, ऐंशीव्या पातळीवरून

गेले आठ महिने मी ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ रोज साधारण पाऊण तास खेळत आहे. कामाच्या दिवशी फोनवर आणि सुट्टीच्या दिवशी संगणकावर. केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीने आपल्या रूनस्केप या खेळाच्या २००७ सालच्या जुन्या प्रतीवरून तो २०१३ मध्ये वेगळा सुरू केला आणि २०१८ पासून तो फोनवरही आला. चित्रे त्या काळाला साजेशी ओबडधोबड आहेत, आणि त्यांची सवय आठवडाभरात होते. इतके दिवस मला धरून ठेवले ते त्यातल्या अनुभवगुणांच्या, म्हणजे प्रत्येक कामाला मिळणाऱ्या आणि त्या कौशल्याची पातळी वाढवणाऱ्या गुणांच्या हिशेबाने, म्हणून या अनुभवात मुख्यतः त्याच हिशेबाविषयी लिहीत आहे.

याआधी मी फोनवरचा दुसरा एक खेळ वर्षभर खेळलो होतो. त्यात मी वाढलो की शत्रूही तितकेच वाढत, त्यामुळे दहाव्या पातळीवर जितके घाव घालावे लागत तितकेच साठाव्या पातळीवरही लागत आणि वाढत असे तो फक्त कोपऱ्यातला आकडा; शिवाय पैसे भरले की तासभर दुप्पट गुण मिळत, म्हणजे त्या आकड्यालाही फारशी किंमत उरली नव्हती. रूनस्केपमधले झाड मात्र जिथे आहे तिथेच उभे असते. विलो तोडण्यासाठी लाकूडतोडीची ३० वी पातळी लागते आणि एका ओंडक्याला ६७.५ गुण मिळतात. ड्रेनॉर गावातल्या बँकेजवळ पाण्याकाठी हे विलो आहेत, तिथे तीसाव्या पातळीवर मी बराच वेळ नुसता कुऱ्हाडीचा आवाज ऐकत बसत असे; साठावी पातळी ओलांडून, बरी कुऱ्हाड घेऊन त्याच काठावर परत गेलो तेव्हा पिशवीतल्या अठ्ठावीस जागा बघता बघता भरल्या. आपण पुढे आलो हे त्या दिवशी जितके पटले, तितके पातळी वाढल्यावर उडणाऱ्या आतषबाजीने कधी पटले नव्हते.

या आतषबाजीमागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला ८३ गुण लागतात, म्हणजे साध्या झाडाचे चार ओंडके पुरतात. पुढे दर सात पातळ्यांमागे लागणारे गुण साधारण दुप्पट होत जातात, त्यामुळे ९९ व्या पातळीला एकूण १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ९२ वी पातळी गाठली तेव्हा ६५,१७,२५३, म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मे झालेले असतात. ‘९२ म्हणजे अर्धे’ ही खेळाडूंमधली जुनी थट्टा मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली होती. आज माझी लाकूडतोड ८० वर आहे आणि ९९ च्या वाटेचा सातवा हिस्सा जेमतेम मागे पडला आहे.

इथेच या रचनेतली माझ्या मते सर्वांत कच्ची बाजू दिसते. १५ ला ओक, ३० ला विलो, ४५ ला मेपल, ६० ला यू, ७५ ला मॅजिक आणि ९० ला रेडवुड अशी मोठी झाडे दर पंधरा पातळ्यांवर उघडतात. कागदावर ही पायरी अगदी एकसारखी दिसते, पण प्रत्येक पंधरा पातळ्यांना आधीच्या पंधरांपेक्षा चौपटीहून जास्त गुण लागतात: ६० ते ७५ साठी ९,३६,६७९ आणि ७५ ते ९० साठी तब्बल ४१,३५,९११. बदल्यात यूच्या ओंडक्याचे १७५ गुण मॅजिकच्या ओंडक्यावर जेमतेम २५० होतात, आणि मॅजिकचे झाड तोडायलाही सावकाश. त्यामुळे पंचाहत्तरीनंतर मी परत यूकडेच वळलो. नव्या दाराची वाट पाहण्याची गोडी पहिल्या साठ पातळ्यांत भरपूर आहे. नंतर ती संयमावर चालते, आणि तो संयम सगळ्यांकडे असेलच असे नाही.

याला उतारा म्हणून क्वेस्ट, म्हणजे गोष्टीतून पार पाडायच्या कामगिऱ्या आहेत, आणि त्यांचे बक्षीस ठरावीक गुणांत मिळते ही बाब मला फार आवडली. धबधब्याच्या क्वेस्टला कोणत्याही पातळीची अट नाही. तिच्यात एका थडग्यात शस्त्र आणि चिलखत बाहेर ठेवूनच उतरावे लागते. मी ते दोनदा विसरलो आणि दोनदा बँकेपर्यंत हेलपाटा घातला. ती संपली की आक्रमण आणि ताकद या दोन्ही कौशल्यांत प्रत्येकी १३,७५० गुण मिळतात, आणि नवखा खेळाडू पहिल्या पातळीवरून थेट तिसाव्या पातळीवर पोचतो. हेच गुण साठाव्या पातळीवरच्या माणसाला अर्धी पातळीही देत नाहीत. कोणती क्वेस्ट कधी करायची हा विचार त्यामुळे खेळाडूलाच करावा लागतो. मात्र ही क्वेस्ट पैसे भरणाऱ्या सभासदांसाठी आहे, आणि फुकट भागात समाधान मानणाऱ्याला या रचनेचा निम्माच स्वाद मिळेल.

सध्या कुऱ्हाड बाजूला ठेवून मी चुलीपाशी बसलो आहे. शेवंड शिजवण्याची परवानगी ४० व्या पातळीला मिळते, पण तेव्हा कितीतरी शेवंडे करपतात आणि करपलेल्याचे गुण मिळत नाहीत. पातळी वाढते तसे करपणे कमी होत ७४ व्या पातळीवर पूर्ण थांबते. वाढ इतक्या साधेपणाने हातात ठेवणारी दुसरी रचना मी पाहिलेली नाही. मी ६८ वर आलो आहे, एका शेवंडीचे १२० गुण, म्हणजे अजून न करपलेल्या ४,०९४ शेवंडी. काल रात्री अठ्ठावीसातल्या फक्त दोन करपल्या.